मंगोलविद्येचे महापंडित आचार्य रघुवीर आणि आपले नागपूर

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे यावीत, हा प्रघात योग्यच होय. आपल्या वाडवडिलांनी काय केले हे पुढील पिढीला दुसरे कोण सांगणार? तथापि प्रस्तुत लेखाचा नायक आपल्या ज्ञातीचा नव्हे, आपल्या प्रांताचा नव्हे, आणि त्याची मातृभाषाही मराठी नव्हती. त्याचा जन्म रावळपिंडीचा, कीर्ती लाहोरची आणि अखेरचा निवास दिल्लीचा. परंतु त्याच्या आयुष्यातील सुमारे दहा ऐन कर्तृत्वाची वर्षे ज्या नगरात गेली, ते आपल्या कळमेश्वरापासून हाकेच्या अंतरावर असलेले नागपूर होय. ज्या विद्येसाठी रशियातील व जर्मनीतील पंडितांची नावे घेतली जातात, त्या मंगोलविद्येचे भारतातील एक प्रमुख पीठ एके काळी नागपुरात होते, ही गोष्ट आज नागपूरकरांच्याही स्मरणात उरलेली नाही. ती वाचकांसमोर मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विद्यार्जन व लाहोरचा काळ

डॉ. रघुवीर यांचा जन्म ३० डिसेंबर १९०२ रोजी झाला. लाहोर येथे संस्कृताचे उच्च शिक्षण घेतल्यावर ते युरोपात गेले. लंडन विद्यापीठाची पीएच्.डी. आणि हॉलंडमधील उट्रेख्ट विद्यापीठाची डी.लिट्. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. उट्रेख्टला वैदिक कर्मकांडाचे विख्यात अभ्यासक विलेम कालान्ड हे त्यांचे गुरू होते. परत आल्यावर लाहोरच्या सनातन धर्म महाविद्यालयात ते संस्कृत विभागाचे प्रमुख झाले. कपिष्ठल-कठ संहिता आणि अथर्ववेदाची पैप्पलाद शाखा अशा दुर्मीळ वैदिक ग्रंथांची संपादने त्यांनी याच काळात केली.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध येथेच जुळला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे महत्कार्य हाती घेतले होते. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर हे तिचे प्रधान संपादक होते. त्यांतील विराटपर्वाचे संपादन रघुवीरांकडे सोपविण्यात आले आणि ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. पंजाबातील तरुण पंडिताकडे पुण्याच्या विद्वानांनी असे काम सोपविले, त्या वेळी त्याचा प्रांत वा ज्ञाती कोणी विचारली नाही. त्याचे पाठचिकित्सेतील सामर्थ्य तेवढे पाहिले.

लाहोरातच त्यांनी ‘सरस्वती विहार’ ही संस्था स्थापिली. भारतीय संस्कृती भारताच्या सीमेबाहेर कोठे कोठे गेली, तेथे तिने कोणते रूप धारण केले आणि तेथील ग्रंथांत आपले काय काय जतन होऊन राहिले आहे, याचा शोध घेणे हे संस्थेचे ध्येय होते. जावा, बाली, चीन, जपान, तिबेट व मंगोलिया हे तिचे अभ्यासक्षेत्र. १९३८ मध्ये रघुवीरांनी चिक्यो यामामोतो या जपानी विद्वानाच्या सहकार्याने चीनमधील रामकथेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. फाळणीच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९४६ साली, संस्था लाहोराहून नागपुरास आली. पुढे लाहोरातील कित्येक ग्रंथसंग्रहांवर जो प्रसंग गुदरला, त्यातून हा संग्रह वाचला तो या स्थलांतरामुळे.

मंगोलांच्या भाषेत भारत

मंगोल म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर चंगीझखान उभा राहतो. १२०६ मध्ये सर्व टोळ्यांचा अधिपती झालेला हा विजेता आणि त्याच्या घोडदळाने उद्ध्वस्त केलेली नगरे, एवढेच आपल्या शालेय इतिहासात येते. परंतु त्याच मंगोलांनी पुढे बौद्ध धर्म स्वीकारला, तिबेटी लामांना गुरू केले आणि तिबेटमार्गे भारतीय विद्येचा अंगीकार केला, हे उत्तरचरित्र आपल्याला ठाऊक नसते.

या अंगीकाराच्या खुणा त्यांच्या भाषेत जागोजाग आहेत. जुन्या मंगोल पंचांगातील वारांची नावे पाहावीत : आदिया, सुमिया, अंगारग, बुद, बर्हस्बदि, सुगर, सांचिर. अध्यापक असताना ही नावे मी फळ्यावर लिहीत असे आणि अर्थ सांगण्यापूर्वीच मुले ओळखीत की, ही आदित्य, सोम, अंगारक, बुध, बृहस्पति, शुक्र व शनैश्चर यांची रूपे आहेत. रत्नाला मंगोल ‘एर्देने’ म्हणतात, वज्राला ‘ओचिर’, पद्माला ‘बदमा’, गरुडाला ‘गरिद’ आणि कवितेला ‘शुलेग’, म्हणजे आपला श्लोक. औषधी पाण्याच्या झऱ्याला ते ‘रशान’ म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी आपले ‘रसायन’ आहे. हे शब्द सोग्दी, उइगुर व तिबेटी अशा अनेक मुखांतून फिरत तेथे पोहोचले. सबब त्यांचे मूळ ओळखणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

शब्दांप्रमाणेच कथांचेही झाले. आपल्याकडे घरोघरी सांगितली जाणारी सिंहासनबत्तिशी मंगोलांकडे ‘अराजी बूजी’ या नावाने आहे. हे नाव म्हणजे राजा भोज. एका टेकाडावर बसून खेळणारी मुले राजाहूनही शहाणा न्याय देतात, म्हणून ते टेकाड खणले जाते आणि आत विक्रमादित्याचे सिंहासन सापडते. आपल्या पुतळ्यांच्या जागी तेथे बत्तीस लाकडी माणसे आहेत. रघुवीरांनी ही मंगोल कथा संपादून प्रसिद्ध केली. वेताळपंचविशीचेही मंगोल रूप आहे. त्यात प्रेत पाठीवर घेऊन मौनाने चालण्याचे काम राजपुत्राला नेमून देणारा गुरू म्हणजे साक्षात नागार्जुन! तिबेटी परंपरा नागार्जुनाचा जन्म विदर्भात झाल्याचे सांगते आणि रामटेकला त्याच्या नावाची टेकडी आजही दाखविली जाते. गोबीच्या वाळवंटापलीकडे तंबूत बसून आजी नातवंडांना ज्याची गोष्ट सांगे, तो पुरुष परंपरेने आपल्या विदर्भाचा आहे, हे वाचून कोणाही वैदर्भीयाला संतोष वाटेल.

रामटेकचा आणखी एक धागा येथे सांगितला पाहिजे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी मेघदूतातील रामगिरी म्हणजे रामटेकच होय, असे साधार प्रतिपादन केले. ते मेघदूत चौदाव्या शतकात तिबेटी भाषेत उतरले, तिबेटी शास्त्रसंग्रहात समाविष्ट झाले आणि अठराव्या शतकात त्या संग्रहाबरोबर मंगोल भाषेत गेले. यक्षाचा मेघ अलकेपर्यंतच जावयाचा होता; तो कैलासही ओलांडून कितीतरी पुढे गेला.

कंजूर व तंजूर

मंगोलविद्येचा मुख्य निधी म्हणजे कंजूर व तंजूर हे दोन महासंग्रह. कंजूर म्हणजे बुद्धवचनांचा अनुवाद आणि तंजूर म्हणजे आचार्यांच्या शास्त्रग्रंथांचा अनुवाद. दोन्ही प्रथम संस्कृतातून तिबेटी भाषेत सिद्ध झाले आणि तिबेटीतून मंगोल भाषेत आले. मंगोल कंजूर लिग्दन खानाच्या आश्रयाखाली १६२८-२९ मध्ये पूर्ण झाला. चीनचा सम्राट कांग्शी याच्या आज्ञेने तो लाकडी ठशांवर कोरून १७२० पर्यंत पेकिंगमध्ये १०८ खंडांत छापण्यात आला. त्यानंतर सम्राट च्येनलुंगच्या काळात, १७४९ पर्यंत, दोनशेहून अधिक खंडांचा तंजूर सिद्ध झाला.

या अनुवादांचे महत्त्व आपल्याला विशेष आहे. मूळ संस्कृत ग्रंथांपैकी कितीतरी भारतात नष्ट झाले. तिबेटी अनुवादकांनी मात्र भाषांतर स्वैर केले नाही. नवव्या शतकाच्या आरंभी तिबेटच्या राजाने पंडितांकडून ‘महाव्युत्पत्ति’ नावाचा संस्कृत-तिबेटी शब्दसंग्रह करविला. त्यात सुमारे साडेनऊ हजार संज्ञा आहेत. अमुक संस्कृत शब्दाला अमुकच तिबेटी शब्द, असा त्यामुळे दंडक पडला. तंजूराच्या मंगोल अनुवादास हात घालण्यापूर्वी मंगोल पंडितांनीही १७४१-४२ मध्ये ‘विद्वानांचा आकर’ अशा अर्थाचा तिबेटी-मंगोल पारिभाषिक कोश तयार केला. त्यामुळे मंगोल शब्दावरून तिबेटी आणि तिबेटीवरून संस्कृत, असा उलट प्रवास अभ्यासकाला करता येतो. रघुवीरांचा मंगोल-संस्कृत कोश हा याच मार्गावरील दीपस्तंभ होय. ज्या भाषेचा एक शब्दही येथे कोणाला येत नव्हता, तिचे दार संस्कृतज्ञासाठी त्यांनी संस्कृताच्याच किल्लीने उघडले.

नागपूरचे दशक

नागपुरात आल्यावर रघुवीरांकडे आणखी एक प्रचंड काम आले. मध्यप्रांत व वऱ्हाडचे मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांच्या शासनाला राज्यकारभार व शिक्षण देशी भाषांतून चालवावयाचे होते. १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही तेथे राजभाषा झाल्या. त्यासाठी लागणारी परिभाषा घडविण्याचे काम रघुवीरांनी केले आणि इंग्रजी संज्ञांना संस्कृतमूलक प्रतिशब्द देणारे मोठमोठे कोश नागपुरातून प्रसिद्ध झाले. याच प्रांतातर्फे ते संविधान सभेचे सदस्य झाले आणि १९५२ पासून दहा वर्षे राज्यसभेचे सदस्य राहिले.

त्यांच्या शब्दांची थट्टाही पुष्कळ झाली. त्यांनी न घडविलेले हास्यास्पद शब्दही त्यांच्या नावावर खपविण्यात आले. दैनंदिन व्यवहारात रुळलेला शब्द टाकून संस्कृत शब्द आणण्याचा त्यांचा आग्रह कित्येकदा अतिरेकाला जाई, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य केले पाहिजे. ज्याला शेतकरी व गाडीवान सहज बोलतो, तो शब्द परका म्हणून हद्दपार करता येत नाही. तथापि, एका धातूला उपसर्ग व प्रत्यय लावून एका कुळातील सर्व संज्ञा सिद्ध कराव्यात, ही त्यांची पद्धती निराधार नव्हती. महाव्युत्पत्तीच्या कर्त्यांनी अकराशे वर्षांपूर्वी हेच केले आणि मंगोल कोशकारांनीही हेच केले. परिभाषा आधी निश्चित करावी, मग ग्रंथ अनुवादावे, हा धडा हिमालयापलीकडे यशस्वी झालेला होता. नागपुरातील कोशकार रघुवीर आणि मंगोलविद्यापंडित रघुवीर हे दोन वेगळे पुरुष नव्हेत, असे माझे मत आहे.

त्यांचे चिरंजीव डॉ. लोकेशचंद्र यांचा जन्म १९२७ चा. वडिलांप्रमाणेच त्यांनीही उट्रेख्टला अध्ययन करून १९५० मध्ये डॉक्टरेट संपादन केली. पितापुत्रांनी मिळून संपादिलेले सामवेदाचे जैमिनीय ब्राह्मण १९५४ मध्ये नागपुरातूनच प्रसिद्ध झाले. एकाच घरात वेद, तिबेटी, चिनी, जावी व मंगोल यांचे अध्ययन चालावे आणि ते घर नागपुरात असावे, हा योग आपल्या प्रदेशाला पुन्हा लाभलेला नाही.

१९५६ : आले आणि गेले

१९५५ मध्ये रघुवीरांनी चीनचा प्रवास केला आणि तेथून विपुल ग्रंथसामग्री आणली. त्याच वर्षाच्या २४ डिसेंबरला भारत व मंगोलिया यांच्यात राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. मंगोलियाची त्या वेळची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १९३७ ते १९३९ या काळात तेथील साम्यवादी राजवटीने सातशेच्या वर मठ उद्ध्वस्त केले, हजारो लामांना ठार मारले आणि ग्रंथांचे ढीग जाळले. १९४० च्या दशकात जुनी उभी मंगोल लिपी जाऊन रशियन वळणाची लिपी राज्यव्यवहारात आली, त्यामुळे नव्या पिढीला आजोबांची पोथी वाचता येईनाशी झाली. अशा समयी, १९५६ ते १९५८ या काळात, रघुवीरांनी मंगोल कंजूराची दुर्मीळ प्रत सूक्ष्मचित्रांच्या रूपाने भारतात आणली, अशी नोंद भारत सरकारच्या २०२० च्या निवेदनात आहे.

१९५६ हे वर्ष नागपूरच्या इतिहासात दोन गोष्टींचे आहे. १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना होऊन नागपूरचे राजधानीपण संपले. आणि याच सुमारास रघुवीरांची संस्था दिल्लीस गेली. ज्या नगरात बुद्धवचन ऐकण्यासाठी लाखो कान नव्याने आतुर झाले, त्याच नगरातून बुद्धवचनाचा आशियाभरचा ग्रंथभांडार उचलला गेला. यात कोणाचा कट नव्हता. राजाश्रय जेथे गेला तेथे संस्था गेली, इतकेच. परंतु ती येथे राहावी म्हणून समाजातून, धनिकांतून वा विद्यालयांतून मोठा आग्रह उभा राहिल्याचे इतिहासात दिसत नाही. दिल्लीकडे जाणारा लोहमार्ग आपल्या कळमेश्वरावरूनच जातो. आपल्या दारावरून संत्री गेली तर आपल्याला त्यांचा भाव ठाऊक असतो. ग्रंथ गेले त्याचा भाव कोणी केला नाही.

कार्याची पूर्तता

रघुवीरांच्या राजकीय मतांविषयी वाचकांत मतभेद असू शकतील. चीनविषयक धोरण न पटल्याने त्यांनी काँग्रेस सोडली. डिसेंबर १९६२ मध्ये ते भारतीय जनसंघाचे अध्यक्ष झाले. १४ मे १९६३ रोजी, डॉ. राममनोहर लोहिया यांच्या निवडणूक प्रचारासाठी फिरत असता, कानपूरजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. वयाची एकसष्ट वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कंजूराचे मुद्रण त्यांच्या डोळ्यांदेखत होऊ शकले नाही.

ते पुत्राने केले. ‘शतपिटक’ या ग्रंथमालेत डॉ. लोकेशचंद्रांनी १९७३ ते १९७९ या काळात मंगोल कंजूराचे १०८ खंड दिल्लीतून प्रसिद्ध केले. ही माला पुढे सहाशे खंडांच्या वर गेली. १९५८ ते १९६१ दरम्यान त्यांनी तिबेटी-संस्कृत कोशही बारा भागांत पूर्ण केला होता. २००६ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला.

इकडे १९९० मध्ये मंगोलियात लोकशाही आली आणि मठ पुन्हा उभे राहू लागले. त्याच वर्षी लडाखचे कुशोक बकुला रिंपोछे भारताचे राजदूत म्हणून तेथे गेले. मठ उभे राहिले, पण त्यांत ठेवावयाचे ग्रंथ कोठे होते? तेव्हा भारताने कंजूराच्या पुनर्मुद्रणाचे काम राष्ट्रीय पांडुलिपि मिशनमार्फत लोकेशचंद्रांच्या देखरेखीखाली हाती घेतले. ४ जुलै २०२० रोजी, आषाढी गुरुपौर्णिमेला, पहिले पाच खंड राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांना अर्पण करण्यात आले आणि मंगोलियाच्या राजदूतांकडेही खंड देण्यात आले. जे ज्ञान शतकांपूर्वी भारतातून गेले होते, ते संकटकाळी भारतात येऊन राहिले आणि पुन्हा आपल्या घरी परतले. गुरुदक्षिणा परत करण्याचा असा प्रसंग जगाच्या इतिहासात विरळा.

आपण काय घ्यावे

या चरित्रातून आपल्या समाजाने घ्यावयाचा बोध माझ्या मते दुहेरी आहे. पहिला विद्येच्या निवडीविषयी. आपल्या घरातील हुशार मुलाने डॉक्टर वा इंजिनिअर व्हावे, ही आपली इच्छा रास्त आहे. पोटाचा प्रश्न कोणाला सुटला आहे? परंतु शंभरांतील एखाद्या मुलाला वा मुलीला पाली, तिबेटी वा मंगोल भाषेची ओढ लागली, तर ‘याचा उपयोग काय?’ या एका प्रश्नाने तिचे पाय ओढू नयेत. फर्ग्युसन महाविद्यालयाचे वासुदेव विश्वनाथ गोखले तिबेटी व चिनी भाषांत पारंगत झाले, पु. वि. बापट बौद्ध विद्येत जगन्मान्य झाले. ही मराठी माणसेच होती. शिष्यवृत्तीसाठी आपण निधी गोळा करतो, त्यांतील एक अशा विद्यार्थ्यासाठी राखून ठेवता येईल.

दुसरा बोध ग्रंथरक्षणाविषयी. आपल्या घराघरांतून जुन्या पोथ्या, बखरींच्या नकला, मोडी दफ्तरे, वंशावळी व जमाखर्चाच्या वह्या माळ्यावर पडून आहेत. मोडी वाचणारी पिढी मावळत चालली आहे. लिपी गेली की आजोबांचे हस्ताक्षर नातवाला परके होते, हे आपण मंगोलियाच्या उदाहरणात पाहिलेच. अशी कागदपत्रे रद्दीत किंवा नदीत जाण्यापूर्वी प्रत्येक गावच्या मंडळाने त्यांची एक यादी करावी, छायाचित्रे घ्यावीत आणि मोडी जाणणाऱ्या वृद्धांकडून चार तरुणांनी ती लिपी शिकून घ्यावी. याला फार पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

कोणता कागद मोलाचा आणि कोणता नव्हे, हे रक्षण करणाऱ्याला त्या वेळी कळतेच असे नाही. उलानबातरच्या ज्या भिक्षूंनी आगीतून पोथ्या वाचविल्या, त्यांना पुढील काळाची खात्री नव्हती. रघुवीरांनी लाहोराहून पेट्या हलविल्या, तेव्हा त्यांनाही नव्हती. त्यांनी आपले कर्तव्य केले आणि फळ पुढील पिढीच्या पदरी घातले. असा पुरुष दहा वर्षे आपला शेजारी होता. त्याला आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत चार पाने देणे हे ऋणाची अल्पशी फेड होय.